फाईल लॉक झालीय? आधी कोणी धरलीय ते शोधा, मगच बंद करा

ऑगस्ट संपत आला की ठाण्यातल्या सोसायट्यांची हिशोबाची धावपळ सुरू होते, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, आणि त्याच दिवसांत मला हमखास फोन येतो, "दादा, फाईल सेव्हच होत नाहीये, कोणीतरी उघडलीय म्हणतंय, पण कोणीच उघडलेली नाहीये." नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं मी बघतो, कधी ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला पण जावं लागतं, आणि चूक सगळीकडे एकच दिसते. फाईल कोणी धरलीय ते न बघताच लोक समोर दिसेल ते बंद करत सुटतात. एंड टास्क, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद, नाहीतर पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि मशीन बंद. त्यात कधीकधी फाईल सुटते पण, पण सोबत दुसऱ्या कोणाचं तरी दिवसभराचं काम जातं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. विंडोज १० आणि ११ दोन्हीला चालेल, मेनूची नावं थोडी इकडची तिकडे असतील तेवढंच.

## सुरू करण्याआधीची तयारी

या भागाला पाच मिनिटं लागतात आणि नेमका हाच भाग लोक गाळतात.

मेसेज पूर्ण वाचा. "फाईल इन यूज" आणि "अ‍ॅक्सेस डिनाइड" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फाईल दुसऱ्या प्रोग्रामने धरलेली असते, विंडोजमध्ये त्याचा एरर नंबर ३२. दुसरीत बहुतेक वेळा तुम्हाला परवानगीच नसते, त्याचा नंबर ५, आणि तिथे प्रोग्राम बंद करून काही होत नाही, फोल्डरची परमिशन बघावी लागते. आणखी एक, फोल्डरात फोल्डर त्यात परत फोल्डर करत लांबलचक नावं दिलेली असतील तर पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर जातो आणि फाईल हलत नाही, ते पण लॉक नाही. अशा वेळी वरच्या फोल्डरचं नाव छोटं करा, काम होतं. बऱ्याचदा मेसेजमध्येच लिहिलेलं असतं की फाईल एक्सेलमध्ये उघडी आहे का वर्डमध्ये, पण ओके दाबायच्या घाईत ते कोणी वाचत नाही.

उघडं असेल ते सगळं सेव्ह करा. अडकलेली फाईल सोडून बाकी सगळं. का ते सांगतो. वागळे इस्टेटच्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडमना रेटची शीट अडकली म्हणून टास्क मॅनेजर उघडून एक्सेलवर एंड टास्क मारला. रेटची शीट सुटली. पण मागच्या विंडोत पगाराची शीट उघडी होती, सकाळपासून भरलेली, एकदाही सेव्ह न केलेली, ती पण गेली, आणि त्या मशीनवर ऑटोरिकव्हर, म्हणजे आपोआप कॉपी ठेवायची सोय, कोणीतरी बंद करून ठेवलेलं. एक्सेलच्या तुम्हाला तीन विंडो दिसत असल्या तरी आत साधारणपणे एकच प्रोसेस, म्हणजे एकच चालू प्रोग्राम असतो, ती मारली की तिन्ही विंडो जातात. मॅडम रात्री साडेनऊपर्यंत हजेरीच्या वहीतून परत आकडे भरत बसल्या होत्या. मी शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवत होतो. म्हणून सांगतो, आधी सेव्ह.

अडकलेल्या फाईलची कॉपी काढून ठेवा. लॉक असलेली फाईल डिलीट किंवा रिनेम होत नाही, पण कॉपी बहुतेक वेळा होते. डेस्कटॉपवर एक कॉपी टाका. त्यात शेवटचं सेव्ह होईपर्यंतचाच मजकूर असेल, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

लपलेल्या फाईली दिसतील असं करा. विंडोज ११ मध्ये फोल्डरच्या वर व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबमध्येच चौकोन आहे. पुढे टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

✔ तपासा: बाकीचं सेव्ह झालं, कॉपी निघाली, आणि फाईलचं नेमकं नाव कागदावर लिहून घेतलं. पुढे शोधताना नावात एक अक्षर चुकलं तर काहीच सापडत नाही आणि मग लोकांना वाटतं लॉकच नाहीये.

## टप्पा १ : आपल्याच मशीनवरच्या साध्या गोष्टी

आधी हेच बघा, कारण बऱ्याचदा इथेच सुटतं.

फोल्डरच्या उजव्या बाजूला प्रिव्ह्यू चालू आहे का? प्रिव्ह्यू पेन फाईल दाखवायला ती आतून उघडतं आणि धरून ठेवतं, पीडीएफ आणि वर्डच्या बाबतीत तर फारच. ऑल्ट आणि पी दाबलं की ते बंद होतं. मग दुसऱ्या फोल्डरात जाऊन परत या आणि डिलीट करून बघा.

पीडीएफ ब्राउझरच्या कुठल्यातरी टॅबमध्ये उघडी असेल. मेलला अटॅच करून तो मेल अर्धवट ठेवलेला असेल. व्हॉट्सअ‍ॅप डेस्कटॉपवरून तीच फाईल जात असेल. फोल्डर डिलीट होत नसेल तर काळी कमांडची विंडो त्या फोल्डरात उभी आहे का बघा, ती नुसती उघडी असली तरी फोल्डर धरलेला राहतो.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाईली इंटरनेटवर ठेवायची सोय, सिंक करत असेल तर खाली घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंगच्या चक्रातून पॉज सिंकिंग करा, २ तासांचा पर्याय पुरतो. आणि फाईल नुकतीच पेन ड्राईव्हवरून किंवा मेलमधून आली असेल तर दोन मिनिटं थांबा, अँटीव्हायरस ती तपासत असतो, तपासून झालं की आपोआप सोडतो.

⚠ अँटीव्हायरस बंद करू नका. फाईल सुटावी म्हणून तो बंद करायचा आणि मग आठवडाभर तसाच बंद राहायचा, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

## टप्पा २ : कोणी धरलीय ते शोधा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. यासाठी काही डाउनलोड करायची पण गरज नाही, विंडोजमध्येच रिसोर्स मॉनिटर नावाची गोष्ट आहे.

१. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर टाईप करा, सापडलं की राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. साधं उघडलं तर दुसऱ्या युजरचे किंवा सिस्टिमचे प्रोग्राम नीट दिसत नाहीत.

२. वर सीपीयू टॅबवर जा. पहिला ओव्हरव्ह्यू टॅब असतो, तिथे हे सापडणार नाही.

३. खाली असोसिएटेड हँडल्स अशी पट्टी दिसेल, बाणावर क्लिक करून ती उघडा. तिथे उजवीकडे शोधायची जागा आहे.

४. फाईलच्या नावाचा वेगळा ओळखू येईल असा तुकडा टाका. फाईल "मेंटेनन्स ऑगस्ट फायनल" असेल तर नुसतं "फायनल" टाकू नका, ढीगभर येतील. नाव इंग्रजी अक्षरांत असेल तर इंग्रजीतच टाका, जसं आहे तसं.

५. जी यादी येईल त्यात प्रोग्रामचं नाव आणि शेजारी पीआयडी नावाचा एक नंबर असतो. दोन्ही लिहून घ्या. एकाच नावाचे चार प्रोग्राम चालू असू शकतात, नंबरनेच कळतं नेमका कुठला.

हे रोजच लागत असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज मोफत आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घ्या. त्यात फाईल लॉकस्मिथ आहे, फाईलवर राइट क्लिक केलं की कोणी धरलीय त्याची यादी समोर येते, आणि यादी रिकामी आली तर तिथेच अ‍ॅडमिन म्हणून परत चालू करायचा पर्याय असतो. पूर्ण फोल्डरवर पण चालतं, म्हणजे आतली नेमकी कुठली फाईल अडकलीय ते पण कळतं, फोल्डर डिलीट होत नसेल तेव्हा मला तरी हेच सोयीचं वाटतं.

⚠ गुगलवर "अनलॉकर" शोधून पहिल्या लिंकवरून काहीतरी उतरवू नका. असल्या टूलला तुम्ही अ‍ॅडमिनची परवानगी देता, म्हणजे सगळ्या घराची चावीच देता, आणि देणार कोणाला ते माहीत नसतं.

## टप्पा ३ : नाव कळलं, त्याचा अर्थ लावा

नाव दिसलं की लगेच बंद करायचं नाही. नाव काय आहे त्यावर पुढचं ठरतं.

एक्सेल, वर्ड, अ‍ॅक्रोबॅट, टॅली असं ओळखीचं नाव असेल तर सोपं आहे. पण विंडो कुठेच दिसत नाही तरी यादीत एक्सेल आहे, असं पण होतं. विंडो बंद झाली पण प्रोसेस मागे चालूच राहिली. टास्क मॅनेजरमध्ये ती बॅकग्राउंड प्रोसेसेसमध्ये दिसते. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने एक्सेलमध्ये रिपोर्ट काढला आणि नंतर एक्सेल नीट बंद केलं नाही की हे होतं.

एक्सप्लोरर दिसलं तर ते म्हणजे तुमचे फोल्डर आणि खालची टास्कबार. डीएलएलहोस्ट दिसलं, टास्क मॅनेजरमध्ये त्याला कॉम सरोगेट म्हणतात, तर ते बहुतेक वेळा व्हिडिओचे किंवा फोटोचे छोटे चित्र बनवत असतं, लग्नाच्या शूटिंगच्या मोठ्या फाईली असलेल्या स्टुडिओवाल्यांना हे नेहमी येतं.

सिस्टिम असं नाव आणि पीआयडी ४ असेल तर तिथे थांबा. तो प्रोग्राम नाही, विंडोजचा गाभा आहे, तो बंद करता येत नाही. फाईल शेअर केलेल्या फोल्डरात असेल तर याचा अर्थ बहुधा असा की ती नेटवर्कवरून दुसऱ्या कोणीतरी उघडलीय. सरळ टप्पा ५ वर जा.

⚠ सीएसआरएसएस, विनलॉगऑन, एलसॅस, सर्व्हिसेस या नावांना हात लावायचा नाही, यातलं काही जबरदस्तीने बंद केलं तर मशीन निळ्या स्क्रीनवर जातं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं. एसव्हीसीहोस्ट पण तसंच, त्या एका नावाखाली विंडोजच्या वेगवेगळ्या सेवा चालतात आणि कुठली बंद होईल ते वरून कळत नाही.

## टप्पा ४ : बंद करा, पण हळूवार पद्धतीपासून

क्रम महत्त्वाचा आहे. एक पायरी करायची, फाईल सुटली का बघायचं, नाही सुटली तरच खालची.

१. प्रोग्रामच्या स्वतःच्या मेनूतून किंवा फुलीवरून बंद करा. सेव्ह करायचं का असं विचारलं तर नीट वाचून उत्तर द्या. कधीकधी हा प्रश्नच दुसऱ्या विंडोच्या मागे लपलेला असतो आणि प्रोग्राम अडकलाय असं वाटतं, ऑल्ट टॅब करून सगळ्या विंडो एकदा फिरून बघा.

२. विंडो नसेल किंवा बंद होत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी कमांडची विंडो, उघडा आणि इंग्रजीत टाईप करा टास्ककिल, मग स्पेस, स्लॅश पीआयडी, स्पेस, आणि लिहून घेतलेला नंबर (taskkill /PID नंबर). टास्ककिल हा एकच शब्द, मध्ये जागा नाही. असं दिलं की प्रोग्रामला "बंद हो" अशी विनंती जाते, त्याला आवरायला वेळ मिळतो. विंडो नसलेले काही प्रोग्राम ही विनंती ऐकत नाहीत, तसा मेसेज येतो.

३. मिनिटभर थांबूनही गेला नाही तर त्याच कमांडच्या शेवटी स्लॅश एफ लावा, किंवा कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून एंड टास्क करा. ही जबरदस्ती आहे. न सेव्ह केलेलं जातं. म्हणून तर तयारीत सेव्ह करायला सांगितलं.

४. एक्सप्लोरर असेल तर त्याला मारायचं नाही, टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल, घाबरू नका.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, त्याला जबरदस्तीने कधीच बंद करू नका. व्हाउचर अर्धवट असेल तर पूर्ण करा किंवा सोडून द्या, एकेक स्क्रीन मागे या, कंपनी बंद करा, मग टॅली. डेटा फोल्डरची बॅकअप कॉपी काढायची असेल तर ती पण टॅली सगळ्या मशीनवर बंद झाल्यावरच. चालू टॅलीचा फोल्डर पेन ड्राईव्हवर ओढायचा आणि त्यालाच बॅकअप म्हणायचं, ही सवय मोडा, ती कॉपी परत उघडेल याची खात्री नसते.

प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं मायक्रोसॉफ्टचंच एक टूल आहे, त्यात प्रोग्राम चालू ठेवून नुसती फाईलवरची पकड तोडता येते, क्लोज हँडल म्हणतात. ऐकायला छान वाटतं पण ते करू नका. पकड तुटलीय हे त्या प्रोग्रामला कळतच नाही, विंडोजने त्या फाईलसाठी दिलेल्या आतल्या नंबरावर (हा पीआयडी नाही) तो लिहीत राहतो, आणि तोपर्यंत विंडोजने तो नंबर दुसऱ्या फाईलला दिलेला असेल तर भलत्याच फाईलमध्ये लिहिलं जातं. शोधायला ते टूल उत्तम आहे, शोधण्यापुरतंच वापरा.

✔ तपासा: रिसोर्स मॉनिटरमध्ये तेच नाव परत शोधा. यादी रिकामी आली पाहिजे. फाईल हलवायच्या आधी हे बघा.

## टप्पा ५ : शेअर फोल्डरची फाईल, धरणारा दुसऱ्या मशीनवर

तीन-चार मशीन आणि एकावर शेअर केलेला फोल्डर, छोट्या ऑफिसात बहुतेक हीच मांडणी असते. इथे होणारी चूक म्हणजे ज्याला मेसेज आला तो स्वतःचं मशीन रीस्टार्ट करतो. परत करतो. तिसऱ्यांदा करतो. पकड त्याच्या मशीनची नाहीच आहे तर त्याने काय होणार!

एक्सेल किंवा वर्डमध्ये "अमुक व्यक्तीने एडिटिंगसाठी लॉक केलीय" असा मेसेज येतो. आधी त्या माणसाला विचारा. जागेवर नसेल, जेवायला गेला असेल, तर रीड ओन्ली उघडा किंवा नोटिफायचा पर्याय घ्या, फाईल मोकळी झाली की तुम्हाला कळवलं जातं.

पण त्या मेसेजमध्ये नाव म्हणून नुसतं "युजर" किंवा "अ‍ॅडमिन" येतं, सगळ्या मशीनवर तेच, मग विचारायचं कोणाला? हे नाव ऑफिसच्या सेटिंगमधून येतं. प्रत्येक मशीनवर एक्सेलमध्ये फाईल, ऑप्शन्स, जनरल इथे जाऊन युजर नेममध्ये तिथे बसणाऱ्याचं खरं नाव टाका. दहा मिनिटांचं काम आहे, आजच करा, नंतरची कितीतरी डोकेदुखी वाचते.

कोणीच उघडली नाहीये असं सगळे म्हणत असतील तर:

१. ज्या मशीनवर तो फोल्डर प्रत्यक्ष आहे त्या मशीनवर जा. दुसऱ्या मशीनवर हेच उघडलं तर त्या मशीनचीच यादी दिसेल.

२. स्टार्टवर राइट क्लिक, कॉम्प्युटर मॅनेजमेंट, मग सिस्टिम टूल्स, शेअर्ड फोल्डर्स, आणि त्यात ओपन फाईल्स. कोणत्या युजरने कुठली फाईल उघडलीय ते इथे दिसतं.

३. त्या माणसाच्या मशीनवर जाऊन तिथूनच फाईल नीट बंद करता येते का बघा.

४. ते मशीनच बंद पडलंय किंवा हँग झालंय आणि पकड तशीच राहिलीय, असं असेल तरच त्या ओळीवर राइट क्लिक करून क्लोज ओपन फाईल.

⚠ चौथी पायरी करण्याआधी ऑफिसात मोठ्याने विचारा. समोरचा खरंच काम करत असेल तर त्याची एंट्री तुमच्या एका क्लिकने जाते आणि त्याला कळत पण नाही का गेली.

ओपन फाईल्सची यादी रिकामी आहे तरी एक्सेल लॉक म्हणतंय, तर आता त्या लपलेल्या फाईली बघा. एक्सेल आणि वर्ड फाईल उघडताना त्याच फोल्डरात "~$" ने सुरू होणारी एक छोटीशी लपलेली फाईल बनवतात, उघडणाऱ्याचं नाव त्यात असतं, बंद करताना ती पुसतात. मध्येच लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असली की पुसायची राहून जाते, आणि मग तीच जुनी फाईल बघून "कोणीतरी उघडलीय" असं सांगितलं जातं. ती डिलीट करा, मूळ फाईल नाही, दोन्हींची नावं जवळपास सारखीच दिसतात म्हणून सुरुवातीची खूण नीट बघून. आणि सगळ्यांनी ती फाईल बंद केलीय याची खात्री झाल्यावरच.

## टप्पा ६ : पेन ड्राईव्ह किंवा हार्ड डिस्क निघत नसेल

"डिव्हाइस वापरात आहे" एवढंच येतं, कोण वापरतंय ते सांगत नाही. पण विंडोज ते लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, उजवीकडे फिल्टर करंट लॉग, आणि नंबराच्या जागी २२५ टाका. केर्नल-पीएनपीची नोंद येईल, त्यात कुठल्या प्रोग्रामने पेन ड्राईव्ह काढायला अडवलं त्याचं नाव आणि नंबर असतो. यादीत काहीच नसेल तर एकदा परत इजेक्ट करून बघा, म्हणजे ताजी नोंद पडते. मग टप्पा ३ आणि ४.

घाईत असाल आणि लोकल पकडायची असेल तर मशीन पूर्ण बंद करून मग ड्राईव्ह काढा. चालू लिहिणं तोडून ओढू नका.

## टप्पा ७ : रीस्टार्ट, आणि तो कसा करायचा

वरचं सगळं करून झालं, नाही सुटली, मग रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करायचं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा आतला भाग झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उठतो, ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

रीस्टार्ट झाल्यावर आधी काही उघडू नका, मेल नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. पहिलं काम ती फाईल. तेव्हा पण अडकली तर आपोआप चालू होणारं काहीतरी तिला धरतंय, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन जे ओळखीचं आणि बिनकामाचं असेल ते डिसेबल करा आणि परत रीस्टार्ट.

तरीही नाही तर सेफ मोड. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. तिथे मोजकेच प्रोग्राम चालतात, फाईल डिलीट करा आणि नेहमीसारखं रीस्टार्ट करून बाहेर या.

⚠ मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं साधन, चालू असेल तर सेफ मोडला जाताना रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ आकड्यांची असते. हातात नसेल तर सेफ मोडला जाऊच नका, आधी ती शोधा.

✔ शेवटची तपासणी: फाईल उघडून शेवटची एंट्री आहे का बघा, डेस्कटॉपवरच्या कॉपीशी ताडून बघा. बरोबर असेल तरच कॉपी डिलीट करा. ढगावर क्लिक करून वनड्राइव्ह परत चालू झालंय का तेवढं बघून घ्या.